हंसपद

वेरूळच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खानावळ होती. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, दारात चिंचेचं झाड आणि झाडावर वानरांची टोळी. गोष्ट फ्लेक्सचे बोर्ड निघायच्या आधीची आहे. तेव्हा पाटी म्हणजे पत्रा, पत्र्यावर रंग आणि रंगावर ब्रशनं काढलेलं अक्षर. पेंटर पैसे घ्यायचा ते अक्षरं मोजून.

खानावळवाल्याला सगळे शेठ म्हणत. माणूस वाईट नव्हता. डाळ तिसऱ्यांदा मागितली तरी कपाळाला आठी न घालता वाढायचा. पण खिशातून पैसा काढताना मात्र त्याचा हात जड व्हायचा. पुड्यांच्या सुतळ्या गाठी मारून ठेवायचा, काडीपेटीतल्या काड्या मोजायचा, आणि सुटे परत घ्यायला आठ आण्यांसाठीही थांबून राहायचा.

१९८३ मध्ये वेरूळचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पुढच्या हिवाळ्यात खानावळीत गोरे पाहुणे दिसायला लागले. त्यांचे प्रश्न ठरलेले. माठाकडे बोट दाखवून ते विचारत, हे उकळलेलं आहे का? पोरं बरोबर असली की मागच्या विहिरीकडे बोट. आणि वानरं पाहिली की प्रश्नबिश्न काही नाही, थेट कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे. ही वानरं एरवी गरीब. उष्टी भाकरी किंवा केळ्याचं साल घेऊन बसली असली की मात्र कुणी जवळ आलेलं त्यांना खपत नसे. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. परक्याला कसं ठाऊक असणार?

हातवारे करून शेठ दमला आणि त्यानं ठरवलं, इंग्रजीत पाटी लावायची.

खानावळीच्या मागच्या खोलीत एक म्हातारे राहत. महिन्याच्या बोलीवर जेवत. नोकरी तार ऑफिसात झालेली, म्हणून तारमास्तर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेले आणि पुढे तीस वर्षं लोकांच्या तारा कट्ट-कड-कट्ट करून पाठवलेले. तारेला शब्दांवर पैसे पडत. त्यामुळे कुठला शब्द काढला तर चालतो आणि कुठला काढला तर घर बुडतं, हे त्यांना पुस्तकापेक्षा खिडकीवर जास्त कळलेलं. (तार आता नाही. २०१३ च्या जुलैत ती बंद झाली. शेवटच्या दिवसांत नुसती आठवण म्हणून लोकांनी स्वतःच्याच नावानं तारा केल्या.)

मास्तरांनी एका पाठकोऱ्या कागदावर तीन ओळी लिहून दिल्या.

पहिली: ‘द वॉटर दॅट इज केप्ट इन धिस पॉट हॅज बीन बॉइल्ड.’ या माठात ठेवलेलं पाणी उकळलेलं आहे.

दुसरी: ‘चिल्ड्रन मे ड्रिंक वेल वॉटर इफ इट इज बॉइल्ड.’ विहिरीचं पाणी उकळलेलं असेल तर मुलांनी प्यायला हरकत नाही.

तिसरी: ‘डू नॉट गो निअर द मंकीज व्हाइल दे आर ईटिंग.’ वानरं खात असताना त्यांच्याजवळ जाऊ नका.

शेठनं अर्थ ऐकून मान डोलावली आणि मग बोट ठेवून अक्षरं मोजायला बसला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण मोजायला भाषा लागत नाही. एकूण ११६ भरली. अक्षराला आठ आणे म्हणजे ५८ रुपये.

“मास्तर, अठ्ठावन्न रुपयांत पाटी होय? यातलं काही कमी नाही का होणार?”

हा प्रश्न मास्तरांनी आयुष्यभर ऐकलेला होता. त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. “होईल की. पहिल्या ओळीत बघ. ‘दॅट इज’ काढला तरी वाक्य उभं राहतं. ‘वॉटर केप्ट इन धिस पॉट.’ माठात ठेवलेलं पाणी. मराठीत तरी आपण ‘जे पाणी माठात ठेवलेलं आहे ते पाणी’ असं कुठं म्हणतो? आणि पाटीवर पहिला ‘द’ही नको.”

शेठनं पेन्सील घेतली आणि हळूच फक्त ‘इज’वर काट मारली. ‘दॅट’ हा शब्द दिसायला भारदस्त, तो काढायला त्याचं मन होईना.

“अंहं,” मास्तर म्हणाले. “ही जोडी आहे. ठेवायची तर दोघं, काढायची तर दोघं. ‘द बॉय हू स्टँडिंग देअर’ असं आपली पोरं लिहितात ना, ते म्हणजे लग्नाला नवऱ्याला बोलावलं आणि बायकोला घरी ठेवलं. ‘हू इज स्टँडिंग’ म्हण, नाही तर नुसतं ‘द बॉय स्टँडिंग देअर’ म्हण. मधलं काही नाही.”

इथं जरा थांबून सांगायला हवं. ‘हू इज’, ‘विच इज’ अशा जोड्या गाळण्याला भाषाशास्त्रज्ञांनी ‘व्हिझ डिलीशन’ असं गमतीदार नाव दिलं आहे. ‘हू’, ‘विच’ यांच्या सुरुवातीचं इंग्रजी ‘डब्ल्यू-एच’ आणि पुढचं ‘इज’ जोडलं की ‘व्हिझ’ होतं, म्हणून. इंग्रजीची ही फार जुनी आणि सोयीची सवय आहे, आणि बहुतेक वेळा वाचणाऱ्याला काही गेल्याचं कळतही नाही. पण थॉमस बेव्हर या भाषाशास्त्रज्ञानं १९७० मध्ये एक वाक्य पुढं ठेवलं, त्यावर आजही इंग्रज ठेचकाळतात: ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.’ वाचणारा ‘घोडा कोठारावरून पळाला’ इथपर्यंत ऐटीत येतो आणि मग ‘पडला’ हा शब्द हातात उरतो. तो कुठं लावायचा? खरं वाक्य असं की कोठारावरून पळवला गेलेला घोडा पडला. ‘दॅट वॉज’ गाळलेलं आहे आणि ‘रेस्ड’चं रूप ‘पळाला’लाही तेच, ‘पळवलेला’लाही तेच. तिथं ‘रिडन’ असतं तर कुणी अडखळलं नसतं, कारण ‘रोड’ वेगळं आणि ‘रिडन’ वेगळं. म्हणजे दोन शब्द काढले की त्यांचं ओझं शेजारच्या शब्दावर पडतं. तो पेलणारा असेल तर ठीक. मराठीत ‘पळालेला’ आणि ‘पळवलेला’ हे सख्खे भाऊ असले तरी त्यांची तोंडं वेगळी आहेत, त्यामुळे आपल्याला ही ठेच सहसा लागत नाही.

पण शेठला घोड्याशी काही देणंघेणं नव्हतं. नऊ अक्षरं गेली, साडेचार रुपये वाचले, एवढं त्याला कळलं. आणि आणखी एक गोष्ट कळली असं त्याला वाटलं, ती म्हणजे युक्ती.

दुसऱ्या दिवशी मास्तर आठ दिवसांसाठी लेकीकडे जालन्याला गेले. शेठ कागद घेऊन बसला. पहिल्या ओळीत मास्तरांनी मधले दोन बारके शब्द काढले होते. दुसऱ्या ओळीतही तसेच दोन बारके शब्द बसलेले होते, ‘इट इज’. तिसऱ्या ओळीत ‘दे आर’. तीच चण, तीच जागा. ही पण जोडीच की! त्यानं दोन्हींवर काट मारली. तिसऱ्या ओळीतला ‘द’ही उडवला. आणखी १४ अक्षरं गेली, म्हणजे सात रुपये. एकूण साडेअकरा.

दुसऱ्या ओळीत त्यानं स्वतःची अक्कलही थोडी चालवली. मास्तरांना शब्दाशब्दाचा अर्थ विचारून त्यानं खाली लिहून ठेवला होता. त्यात उकळण्याची अट शेवटी आलेली त्याला पटेना. आपण आधी अट सांगतो, मग काम: ‘उकळलं असेल तर प्या.’ म्हणून त्यानं ‘इफ बॉइल्ड’ उचलून पुढं नेलं.

पेंटर आला. पत्रा घासला, तांबड्या प्रायमरचा हात दिला, वाळल्यावर निळा रंग मारला, खडूत बुडवलेली सुतळी ताणून रेघा उमटवल्या आणि पांढऱ्या एनॅमलनं अक्षरं काढायला बसला. त्याच्या हाताखाली बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा होता. रंग ढवळायचा, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवायचा. शाळेत सातवीला होता, इंग्रजी जेमतेम वाचता यायचं, पण जे वाचायचा ते अर्थ लावत वाचायचा. याला खोड म्हणायचं की गुण, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

तिसरी ओळ होत आली तशी तो म्हणाला, “उस्ताद, ‘व्हाइल ईटिंग’ म्हणजे खाताना ना? कोण खाताना?”

पेंटरनं ब्रश न थांबवता उत्तर दिलं, “बेटा, आपण अक्षराचे पैसे घेतो. अर्थाचे नाही.”

पाटी चिंचेला लागली आणि शेठची भरभराट सुरू झाली. पाहुणे पाटीसमोर थांबत, दुसरी ओळ वाचत आणि खो-खो हसत. एकमेकांना हाक मारून दाखवत, पोरांना पाटीखाली उभं करून फोटो काढत आणि मग आत येऊन थाळी मागवत. शेठला कारण कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक हसत आत येतंय यापेक्षा त्याला काय हवं होतं?

मास्तर जालन्याहून परतले ते पाटीखालीच उभे राहिले. दुसरी ओळ वाचून त्यांनाही हसू आवरेना. ‘इफ बॉइल्ड, चिल्ड्रन मे ड्रिंक वेल वॉटर.’

“शेठ, तू काय लिहिलंस कळतंय का? ‘उकळल्यास मुलांना विहिरीचं पाणी पिता येईल.’ म्हणजे मुलांना उकळल्यास.”

“असं कसं? मी तर पाण्याबद्दलच बोलतोय.”

“तू बोलतोयस रे. पण ‘इट इज’ काढल्यावर कोण उकळलं हे सांगायला तिथं कुणी उरलं नाही. मग इंग्रजी वाचणारा काय करतो, पुढच्या वाक्याचा धनी कोण ते बघतो आणि त्यालाच मागं नेऊन बसवतो. पुढं धनी कोण? चिल्ड्रन.”

आपण ही चूक मराठीत सहजी का करत नाही, त्याचं कारण शेठच्या अकलेत नसून मराठीच्या प्रत्ययात आहे. ‘उकळलं असेल तर’ म्हटलं की त्या अनुस्वारातच पाणी आलं. मुलं असती तर ‘उकळली असतील तर’ झालं असतं. नाव गाळलं तरी लिंग आणि वचन मागं राहतं, माणूस गेल्यावर खुंटीवर त्याची टोपी राहावी तसं. इंग्रजीतल्या ‘बॉइल्ड’ला टोपी नाही. तिथं सगळी भिस्त जागेवर. म्हणून त्या भाषेनं एक दंडक घालून घेतला आहे: ‘इफ’, ‘व्हेन’, ‘व्हाइल’ यांच्या मागचा कर्ता गाळायचा असेल तर तो आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच असायला हवा. इंग्रज स्वतःही हा दंडक वरचेवर मोडतात आणि त्यांचे व्याकरणकार दोनशे वर्षं त्यांच्या नावानं खडे फोडत आले आहेत, ही गोष्ट वेगळी.

मास्तरांचं हसणं तिसऱ्या ओळीपाशी थांबलं. ‘डू नॉट गो निअर मंकीज व्हाइल ईटिंग.’ त्यांनी ती दोनदा वाचली.

“शेठ, ही ओळ आजच्या आज दुरुस्त कर.”

“का? हिला तर कुणी हसत नाही.”

“हसत नाही म्हणूनच. दुसरी ओळ वेडीवाकडी आहे, पण मुलं कुणी उकळत नसतं, त्यामुळे वाचणारा हसतो आणि तुझं पाणी तुला परत देतो. तिसरी ओळ चोख आहे. वेगळाच अर्थ सांगते आणि चोख सांगते. तिला कोण अडवणार?”

“बघू पुढच्या महिन्यात,” शेठ म्हणाला. पेंटरला पुन्हा बोलवायचं म्हणजे पुन्हा पैसे. आणि खरं सांगायचं तर इतक्या माणसांना खूश करणाऱ्या पाटीत काही बिघाड असेल यावर त्याचा विश्वासच बसला नाही.

संध्याकाळी मास्तर कैलास लेण्याच्या बाजूच्या टेकडीवर चढून बसायचे. तिथून सगळं लेणं वरून दिसतं, आणि ते तसंच पाहायला हवं, कारण ते वरूनच खाली खोदत आणलेलं आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात. सोळा नंबरचं हे लेणं बांधलेलं नाही, काढलेलं आहे. सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद अंगण, एका डोंगरातून दगड काढून काढून मोकळं केलेलं. मधे उरलं ते देऊळ. त्या दिवशी पेंटरचा पोरगाही रंगाचे हात पुसत त्यांच्याशेजारी येऊन बसला.

“आजोबा, एवढा दगड काढला तो गेला कुठं?”

वेरूळला आलेला प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतो.

“कुठं का जाईना,” मास्तर म्हणाले. “दगडाचं बरं असतं. काढला की गेला, देवळात उभ्या असलेल्या माणसाला त्याचं काही पडलेलं नसतं. शब्दाचं तसं नाही. वाक्यातून काढलेला शब्द जात नाही पोरा, तो वाचणाऱ्याकडे जातो. तो त्यानं आपल्या घरातून आणून तिथं बसवायचा असतो. त्याच्या घरी तोच शब्द असेल तर ठीक. नसेल तर जागा काही रिकामी राहत नाही. तो दुसरा बसवतो, आणि आपल्याला कळवत नाही.”

“म्हणजे ‘कोण खाताना’ हे ज्याचं त्यानं ठरवायचं?”

“तुला हे विचारावंसं वाटलं होतं ना? उस्तादला विचारलंस?”

“उस्ताद म्हणाले, आपण अक्षराचे पैसे घेतो.”

मास्तर बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी तार ऑफिसातली एक गोष्ट सांगितली. एक माणूस खिडकीवर आला होता. घरी आईला कळवायचं होतं की सोमवारी पोचतो. हिशेब करताना मजकुराखालच्या नावाचाही शब्द भरत होता. त्यानं विचारलं, नाव नसलं तर चालेल का? मास्तर तेव्हा तरुण, युक्तीचे पक्के. म्हणाले, चालेल की, आईला काय मुलाचं नाव सांगायचं? तार गेली: ‘रीचिंग मंडे.’ पुढं दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस कशासाठी तरी आला तेव्हा बोलता बोलता कळलं, ते तिघे भाऊ. तिघेही घरापासून लांब नोकरीला. आईनं त्या सोमवारी तिघांचं जेवण केलं होतं आणि रात्रभर दाराला कडी घातली नव्हती.

“तो रागावला नव्हता,” मास्तर म्हणाले. “हसत सांगत होता. पण ती दोन ताटं मी गाळली होती.”

आपल्या व्याकरणात गाळलेल्या शब्दाला अध्याहृत म्हणतात. शाळेत हा शब्द ऐकला तेव्हा मला तो भीतीदायक वाटला होता; पुढं त्याचा अर्थ पाहिला. अध्याहार म्हणजे आणून घालणं, जे नाही ते पुरवणं. इंग्रजीत याच गोष्टीला इलिप्सिस म्हणतात. त्या मूळच्या ग्रीक शब्दाचा अर्थ कमी पडणं, उणं राहणं. एकच रिकामी जागा, पण ग्रीकांनी काय गेलं ते पाहिलं आणि आपल्या वैयाकरणांनी ते कुणी आणायचं ते पाहिलं. मला दुसरी नजर जास्त उपयोगाची वाटते. लिहिणारा ‘मी किती वाचवलं’ ते मोजत असतो. वाचणाऱ्याला किती भरावं लागणार, हे त्याच्या हिशेबात येतच नाही.

पुढच्या आठवड्यात एक गोरा म्हातारा पाहुणा आला. एकटाच, गळ्यात कॅमेरा, डोक्यावर सुती टोपी. हा पाटी पाहून हसला नाही. चष्मा लावून त्यानं तिन्ही ओळी सावकाश वाचल्या. हातातलं अर्धं केळं संपवलं, साल पिशवीत टाकलं, रुमालानं बोटं पुसली, दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. म्हणजे आता आपण काही खात नाही याची त्यानं खात्री करून घेतली. मग कॅमेरा डोळ्याला लावून चिंचेखाली गेला. तिथं एक मादी पिलाला पोटाशी धरून कुणीतरी टाकलेली भाकरी खात बसली होती.

त्याच्या आधी शेकडो लोक त्या झाडाखालून गेले होते. बहुतेकांनी पाटी नीट वाचली नव्हती. त्यांना काही झालं नव्हतं.

ओरडा ऐकून शेठ धावला तेव्हा पाहुण्याच्या मनगटातून रक्त येत होतं. वानरानं चावा घेतला होता. शेठनं जखमेवर हळद दाबायला घेतली, मास्तरांनी त्याचा हात मागं ओढला आणि साबण-पाण्यानं जखम धुवायला लावली. पाहुणा पांढरा पडला होता, पण दुसऱ्या हातानं तो पाटीकडे बोट दाखवत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

“काय म्हणतोय?” शेठनं विचारलं.

“म्हणतोय, मी खात नव्हतो.”

“मग?”

“मग काही नाही. तुझी पाटी जे सांगत होती ते त्यानं ऐकलं.”

शेठनं जीप बोलावली. स्वतः बरोबर गेला. शहरात नेऊन त्याला पोटातली इंजेक्शनं सुरू झाली, ती तेव्हा एकदोन नसत. जीपचं भाडं शेठनं दिलं, दुपारची खानावळ बंद राहिली, आणि परतताना सगळ्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही.

रात्री मास्तरांच्या खोलीत येऊन तो उंबऱ्यावर बसला. “मास्तर, मला इंग्रजी कळत नाही. मी काय केलं ते मला मराठीत सांगा.”

“तूच सांग. ‘वानरं खात असताना त्यांच्याजवळ जाऊ नका.’ यातलं ‘वानरं’ आणि ‘त्यांच्या’ असं दोनदा कशाला, म्हणून जरा छोटं कर.”

शेठनं विचार केला. “खाताना वानरांजवळ जाऊ नका.”

“कोण खाताना?”

“वान—” शेठ म्हणाला आणि थांबला. मग ओठांतल्या ओठांत वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. “आपण. आपण खाताना.”

मास्तर काही बोलले नाहीत. ‘उकळलं’ला प्रत्ययाची टोपी होती, ‘खाताना’ला मराठीतही ती नाही. वानर खाताना, माणूस खाताना, बाई खाताना, सगळं एकच. या खड्ड्यात दोन्ही भाषा सारख्याच पडतात.

“पण मास्तर, तुम्ही पहिल्या ओळीत दोन शब्द काढलेत ते चाललं. मी तसेच दोन काढले.”

“पहिल्या ओळीत मी काढले तेव्हा ‘वॉटर’ हा शब्द त्यांना अगदी चिकटून उभा होता. वाचणाऱ्याला शोधायला कुठं जावंच लागलं नाही. तिसऱ्या ओळीत कुणाला जायला नको म्हणतोय? वाचणाऱ्याला. म्हणजे त्या वाक्याचा धनी वाचणारा स्वतः. ‘दे आर’ काढलेस की ‘व्हाइल ईटिंग’ही त्याच्याच नावावर चढलं. तू फक्त शब्द किती लांब आहे ते पाहिलंस. शब्द काढायचा तर आधी दुसऱ्याच्या खुर्चीत बसून वाक्य वाचायचं असतं.” मग थोड्या वेळानं ते म्हणाले, “आणि युक्ती मीच दाखवली. अर्धी दाखवली आणि लेकीकडे गेलो.”

सकाळी पेंटर आणि पोरगा आले. पाटी खाली उतरवली. सगळी पाटी पुन्हा रंगवायची तर दोन दिवस आणि पुन्हा पन्नासेक रुपये. पेंटर म्हणाला, नव्यानं काढू. मास्तर म्हणाले, गरज नाही. जुन्या पोथ्या लिहिणारे काय करत? नकलताना शब्द राहून गेला तर सगळं पान फाडत नसत. जिथं राहिला तिथं ओळीखाली छोटीशी खूण करत, हंसाच्या पावलासारखी, आणि राहिलेला शब्द वर किंवा समासात लिहीत. त्या खुणेला हंसपद म्हणत. म्हणजे चूक झाली होती हेही दिसे आणि ती सुधारली हेही.

“पाटीवर खाडाखोड दिसेल,” पेंटर नाराजीनं म्हणाला. त्याचाही काही मान होता.

“दिसू दे,” शेठ म्हणाला.

“दुसऱ्या ओळीचं काय करायचं? मुलं उकळायची तशीच ठेवायची?”

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी थोडा विचार केला. “ती राहू दे. हसतात म्हणजे त्यांना बरोबर कळतंय. शिवाय शेठची थाळी खपते.”

पेंटरनं ब्रश पुढं केला तो पोराकडे. “ही तूच काढ. तुला आधी कळली होती.”

पोरानं ‘व्हाइल’ आणि ‘ईटिंग’ यांच्या मधल्या फटीत, रेघेखाली, पांढऱ्या रंगाचं हंसपद काढलं. पाऊल जरा वाकडं आलं. मग जीभ दाताखाली धरून वरच्या मोकळ्या पट्टीत बारीक अक्षरांत ‘दे आर’ लिहिलं. मास्तरांनी त्याला ओळ मोठ्यानं वाचायला लावली. त्यानं वाचली, आणि वाचून झाल्यावर स्वतःच म्हणाला, “वानरं.”

पाटी वाळेपर्यंत पेंटरनं हिशेब केला. “सात अक्षरं. साडेतीन रुपये. हंसपदाचे धरत नाही, ते अक्षर नव्हे.”

शेठनं गल्ल्यातून चार रुपये काढून दिले आणि पाटी झाडाला नीट बसली का ते बघायला बाहेर गेला. पेंटर आठ आणे हातात धरून उभा होता. ते मागायला शेठ काही परत आला नाही.